आनसाक्काची राहुटी

हेवा करायलासुद्धा माणूस त्या लायकीचं असावं लागतं. उठल्यासुटल्या कोणाचाही हेवा करणाऱ्यांतली मी नव्हे. साऱ्या जन्मात मन लावून, जेवताखाता, पापड लाटता लाटता जिचा हेवा केला ती एकच, वडूजची आमची शेजारीण आनसाक्का. आज माझे केस पांढरे झाले, तरी तिचं नाव निघालं की माझा जीव चरफडतो.

तिच्या आणि आमच्या घरात एक भिंत. नवरा पलटणीत हवालदार, लढाईवर गेलेला. माहेर पलूसचं, पाटाच्या पाण्याचं, उसाचं. तिथून गूळ यायचा, काकवी यायची, भाऊ वर्षातून दोनदा गाडी भरून काहीबाही आणून टाकायचा. आनसाक्का उंच, सावळी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. चालायची अशी, की समोरच्यानं आपण होऊन वाट द्यावी. मूल नव्हतं. वडूजात तिच्याबद्दल सगळे पहिलं हेच सांगायचे, म्हणून मीही सांगून टाकते.

मी साताऱ्याची. लग्न होऊन या कोरड्या मुलखात आले तेव्हा अंगावर माहेरचं इरकली लुगडं होतं. उंबऱ्याच्या आत पाऊल पडतंय न पडतंय तोच ही बाई गर्दीतून पुढं आली, पदराचा काठ दोन बोटांत धरला, उलटा करून पाहिला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लय जळतंय गं बाय माजं, ह्यो काठ बगून!"

 नव्या नवरीच्या लुगड्याला कोणी असं बोलतं? पण बाया हसल्या, आत्याबाईही हसल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नंतर मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तिचं काय मनावं घिऊ नगंस. ती बोलून मोकळी हुती. बोलणारीची नजर लागत न्हाई. जी गप बसून बगती ना, तिला भ्यावं."

मी गप्प बसून बघणाऱ्यांतलीच होते, पण ते आत्याबाईंना सांगायला मी काही वेडी नव्हते.

आनसाक्काची रीतच ती. कोणाचं काही चांगलं दिसलं की तोंडावर सांगायचं, माझं जळतंय म्हणून. आणि जे पाहून जळलं, ते काही दिवसांत आपल्या घरात आणून ठेवायचं. तिच्या घरातली प्रत्येक वस्तू अशी कोणाच्या तरी घरी आधी पाहिलेली होती. वकिलांच्या घरी हळदीकुंकवाला गेली, तिथं न्हाणीत तांब्याचा बंब पाहिला. झालं! साऱ्या बायका अत्तर लावून घेतायत आणि ही वकीलीणबाईंना म्हणते, "काय वो तुमचा बंब! मला तर घरला जाऊच वाटंना." वकीलीणबाईंनी त्या दिवसापासून तिला बोलावणं बंद केलं. आनसाक्काला त्याचं काय? पुढच्या संक्रांतीला तिच्या न्हाणीत तसाच बंब, आणि वर, "त्यांच्यापरीस वाईच उंच हाय बगा."

नवारीचा पलंग असाच आला. लोड-तक्के असेच आले. झोपाळ्याचा पितळी कड्यांचा पाट असाच आला. पितळी स्टो आला तेव्हा लढाईमुळं रॉकेल डोळ्याला दिसत नव्हतं. मी मुद्दाम विचारलं, "आक्का, पेटवणार कशावर?"

"पेटवायचा कशापायी? बगायचा!" ती म्हणाली, आणि रोज सकाळी चिंचेनं घासून तो खिडकीत ठेवायची. माझ्या चुलीवरून नेमका दिसायचा. न पेटणाऱ्या स्टोचाही हेवा वाटावा, इथवर माझी मजल गेली होती.

आणि राहुटी. कोणी गोरा साहेब मडमेला घेऊन फिरतीवर आला होता आणि त्यांचा तळ येरळा नदीच्या काठाला पडला होता. सारं गाव साहेब बघायला गेलं. आनसाक्कानं बघितली ती मडम, कापडाच्या घरात खुर्ची टाकून पाय पसरून चहा पिणारी. रानात बसून घरच्यापेक्षा जास्त सुख! त्यानंतर हवालदार रजेवर आला तेव्हा त्या बापड्याला रजा कशी गेली कळलं नाही. शेवटी पुण्याकडं कुठंतरी जुन्या सामानाचा लिलाव होता, तिथून एक राहुटी घेऊन आला. ठिगळं होती, पण कापड दणकट. लोक हसले. वडूजात राहुटी कशाला? परड्यात उभी करून आत बसणार काय? ती परड्यात उभी करून आत बसली.

पुढच्या थंडीत गावात उंदीर पडायला लागले.

आता हे नव्या पिढीला सांगावं लागतं. प्लेग आला की आधी उंदीर मरायचे. आढ्यावरून पटकन खाली पडायचा, तडफडायचा, की समजायचं. दवंडी फिरायची आणि दोन दिवसांत सारं गाव घराला कुलपं घालून माळावर. पत्र्याची, कुडाची, पोत्यांची खोपटं उभी राहायची आणि रोग हटेपर्यंत तिथंच संसार. गावात परत पाऊल टाकायचं नाही.

आणि माझे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण मी, बाळंतपण माहेरी व्हायचं. पण साताऱ्याहून वडिलांचा माणूस वेशीबाहेर उभा राहूनच निरोप सांगून गेला: प्लेगच्या गावचं माणूस नाक्यावर अडवतात, लेकीला आणता येत नाही. म्हणजे माझं मूल माळावर होणार. उघड्यावर, भर थंडीत. आमच्या खटाव मुलखातला तो वारा ज्यानं खाल्ला नाही त्याला काय सांगावं! मला दुसरं काही सुचतच नव्हतं. मूल जगेल का, एवढंच.

आमची बांधाबांध म्हणजे काय होती? जोंधळ्याचं पोतं, तवा, चार भांडी, वाकळा, देव. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेचा नकाशा घेऊन निघाले, तो आत्याबाईंनी काढून परत भिंतीला लावला. मी बाळंतपणासाठी शिवलेली दुपटी उशाशी बांधली. शेजारी बघते तर आनसाक्काच्या दारात दोन गाड्या. पलंग उलटा घातलेला, त्यात तक्के, तक्क्यांत आरसा गुंडाळलेला. बंब. झोपाळ्याचा पाट. पानाचा डबा. रांजण. काकवीची घागर. कोंबड्यांचा डालगा. तो मेला स्टोसुद्धा! आणि ती स्वतः कमरेला पदर खोचून गड्याला ओरडत होती, "आरं, बंब आडवा नगं टाकू, आडवा न्हवं रं!"

आत्याबाई म्हणाल्या, "आनसे, आगं जीव घिऊन पळायचं, का जत्रंला निघालीयास?"

"मावशी, मरनाच्या भ्यानं चाललूय म्हनून आत्ताच मेल्यागत ऱ्हायाचं व्हय? जाईन तितं मी माज्या पलंगावं निजनार. यमानं तितं यावं आन् न्यावं."

माळावर एकच कडुलिंबाचं झाड होतं. ते तिनंच गाठलं. झाडाखाली राहुटी, फांदीला झोपाळा, दारात बंब. दोन दिवसांत तिनं पुढं सारवून रांगोळीसुद्धा घातली. आमचा पत्र्याचा खोपा तिच्या बरोबर समोर, म्हणजे उठले की पहिलं दर्शन तिच्या बंबाच्या धुराचं. आम्ही थंडगार पाण्यानं तोंडं धुवायचो आणि ती वाफा निघणाऱ्या पाण्यानं. तशी ती एकटी नव्हती वापरत. अर्धा माळ तिच्याकडं तांब्या घेऊन उभा असायचा. आत्याबाई सकाळपासून तिच्या झोपाळ्यावर. माझी सासू, आणि झोके हिच्या दारात! मास्तर चहाला तिकडं. परत येऊन म्हणायचे, "काय गुळाचा चहा करते गं आनसाक्का! आलं घालते."

"मग राहा की तिथंच," मी म्हटलं.

"अगं, मी चहाचं बोलतोय."

"मीही चहाचंच बोलतेय."

मी पत्र्याला टेकून पोटावर हात ठेवून बसायची आणि बघायची. बोलत नसे. सगळं पोटात ठेवायची, आणि पोटात आधीच एक जण होता.

मग एका दुपारी वावटळ उठली. आमचे दोन पत्रे निघाले, एक तर पार ओढ्यापर्यंत उडत गेला. वाकळांत माती, पिठात माती. मी कोपऱ्यात दुपटी छातीशी धरून बसलेली, आणि कळ सुरू झाली होती का ते माझं मलाच समजत नव्हतं. आनसाक्का आली. दारात उभी राहून तिनं एकदा माझ्याकडं आणि एकदा उघड्या आभाळाकडं पाहिलं.

"उटा मास्तरीनबाई. ह्यात काय बाळंतपन व्हायाचं?"

"कुठं जाऊ?"

"माज्या राहुटीत. दुसरीकडं कुटं जागा हाय? मी हितं ऱ्हाते."

"आक्का, पण पलंग…" मी म्हटलं. बाळंतिणीचा पलंग म्हणजे विटाळ, मग तो कोण घेतो परत?

"पलंग धुता येतो. उटा म्हनते ना!"

तिनं विचारलंच नाही. मला बगलेत हात घालून उठवलं आणि नेऊन त्या नवारीवर बसवलं. मला सांगायला काही वाटत नाही, त्याही वेळी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की बघा, देण्यातसुद्धा हीच पुढं! मला कधी कोणाला एवढं द्यायला मिळालंय?

दुसऱ्या दिवशी मुलगा झाला. बंब रात्रंदिवस पेटता होता, पाण्याला तोटा नव्हता. सुईण म्हणाली, एवढी सोय मी गावातसुद्धा पाहिली नाही. बाहेर आनसाक्कानं पलूसची गुळाची ढेप फोडून साऱ्या माळाला वाटली. मला आतून ऐकू येत होतं, "घ्या, घ्या, मास्तरास्नी ल्योक झाला!" पण आत ती आली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. स्वतःच्या राहुटीचं दार तिनं ओलांडलं नाही. लाकडं बाहेर ठेवायची, पाणी बाहेर ठेवायची, आणि आमच्या फुटक्या पत्र्याखाली जाऊन बसायची.

पाचवीला बाया जमल्या. पाटावरवंटा पुजला, सटवाईला निवद दाखवला. तिला कोणी बोलावलं नाही. मूल नसलेल्या बाईला पाचवीला बोलवत नसत, मग राहुटी तिची का असेना. मी पलंगावरून फटीतून पाहिलं, ती झोपाळ्यावर पाठमोरी बसली होती आणि पायानं जमीन उकरत होती.

सगळ्या माळाला एकच गोष्ट बोचत होती. आनसाक्का बोलली नव्हती. लुगड्याचा काठ पाहून जी बोलते, कोणाची कढई पाहून बोलते, ती माझ्या पोराबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. बाया कुजबुजत होत्या. आणि त्यातच पोर दूध ओढेना. तोंड लावायचं, सोडायचं, किंचाळायचं. सुईणीनं सगळे उपाय केले. पोराचं तोंड सुकत चाललं. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून बंबाखाली टाकल्या, त्या तडतडल्या नाहीत, म्हणजे दृष्ट पक्की.

आत्याबाई उठल्या आणि तडक समोरच्या खोप्यात गेल्या. दोन्ही दारं समोरासमोर, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आनसे, बोल बाई काय त्ये. पाया पडते तुज्या. पोरगं दूद पिईना."

"मावशी, मी काय बोलू?"

"जे समद्यास्नी बोलतीस त्येच."

 मग आनसाक्का म्हणाली, "बंब बगून जळतंय म्हनते, तवा म्हायती असतंय, आनता येतोय म्हनून. तवाच हसून बोलता येतंय. ह्ये कुटल्या बाजारातनं आनू? आन् ह्ये एकदा तोंडातनं भाईर पडलं तर मला घरात कोंडून बसावं लागंल, मावशी. मला हसं करून घ्यायाचं न्हाई."

"माजा नातू जातोय गं!"

तेव्हा ती उठली. सरळ माळ ओलांडून आली आणि आपल्याच राहुटीच्या दारात उभी राहिली, जशी परक्याच्या दारात उभी राहावी. बाया बाजूला झाल्या. ती माझ्याकडं बघत नव्हती, पोराकडं बघत होती.

"आयक रं," ती त्याला म्हणाली. "मला तू पायजे हुतास. ह्या पलंगावं, ह्या राहुटीत. लय नवस केलं, शिकरशिंगणापूरला पायी गेले, अंगारं खाल्लं. आलास त्यो हितंच आलास, पर हिच्याकडं आलास. जळतंय माजं. बोलते म्हनून न्हाई, खरं जळतंय. रातच्याला तुजं रडनं आयकून पत्रा चावावासा वाटतोय. पर तू पी. तुजं दूद कशाला सोडतोस माज्यापायी? पी माज्या राज्या, जग."

 ती पदरानं नाक पुसून माझ्याकडं वळली आणि एकदम जुन्या आवाजात ओरडली, "आन् तू गं! नवार खाली बसलीया, त्यात रुतून पाजतीस व्हय? सरळ बस, पोरी." तक्का ओढून माझ्या कोपराखाली खुपसला आणि बाहेर निघून गेली.

पोर प्यायलं. आत्याबाई म्हणाल्या, बोलल्यानं नजर उतरली. मास्तर म्हणाले, तक्क्यानं. मला विचाराल तर मला तेव्हा कशाचंच काही पडलं नव्हतं. ओढतोय, घोट घोट ओढतोय, एवढंच.

गाव उघडल्यावर आम्ही घरी परतलो आणि तिथून माझ्या हेव्याला खरा बहर आला. पोर रांगायला लागलं ते भिंतीपलीकडं. चालायला लागलं ते तिच्या अंगणात. तिच्याकडं झोपाळा, तिच्याकडं कोंबड्या, तिच्याकडं काकवी. माझ्याकडं काय? पाटी-पेन्सिल आणि मास्तर. जेवायला हाक मारली की तिथून ओरडायचं, "जेवलो!" आजूबाजूचे सगळे मला मास्तरीणबाई म्हणायचे, म्हणून पोरही मला बाईच म्हणायला लागलं. घरोघरी असंच असायचं. कोणी आईला वहिनी म्हणायचं, कोणी काकी. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते एका दुपारी. मी भिंतीशी वाळवण घालत होते आणि पलीकडून पोराचा आवाज आला, "आई, झोका दे."

मी तशीच थांबले.

"आक्का म्हन," आनसाक्काचा आवाज.

"आई."

"आक्का! आय तुजी पल्याड हाय. आक्का म्हन, तर झोका."

"आक्का."

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. त्यानंतर मी किती वेळा कान देऊन ऐकलं. तिनं प्रत्येक वेळी त्याला टोकलं, एकदाही सोडलं नाही. भांडायला मला जागाच ठेवली नाही त्या बाईनं. तिनं एकदा जरी ओ दिली असती, तर मी पदर खोचून दारात गेले असते.

लढाई संपली. हवालदार घरी आला, एका पायानं किंचित लंगडत. पलूसचा भाऊ आजारी पडला होता, तिथला ऊस बघायला माणूस पाहिजे होतं. ठरलं, वडूज सोडायचं. मला कळलं तेव्हा मी मनातल्या मनात देवापुढं साखर ठेवली. आता पोर माझं होईल.

निघायच्या सकाळी गल्लीत गाड्या उभ्या होत्या. आत्याबाई रडत होत्या, मास्तर उगाच दोऱ्या ओढून बघत होते. पोर आनसाक्काच्या कडेवर. तिनं त्याला शेंगा दिल्या, गूळ दिला. हवालदारानं हाक मारली, "आटपा आता, ऊन हुतंय."

ती माझ्याकडं आली. पोराला काहीतरी समजलं असावं. त्यानं तिच्या मानेला मिठी मारली ती सुटेना. तिनं एक एक बोट सोडवलं. एक सोडवलं की दुसरं बसायचं. तिच्या गळ्यावर त्याची नखं उठली. शेवटी त्याला माझ्या हातांत दिलं.

"धर," ती म्हणाली. "घट्ट धर, पळंल."

आणि गाडीत चढली. ज्या बाईनं जन्मात कुठली आवडलेली वस्तू मान वळवून पाहिल्याशिवाय सोडली नाही, तिनं वेशीपर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही. बैलांच्या मानांवर नजर ठेवून ताठ बसली होती. पोरानं मला लाथा मारल्या, खांद्याला चावलं, असा टाहो फोडला की वकीलीणबाईसुद्धा बाहेर आल्या. माझ्यासाठी ते कधी असं रडलं नव्हतं.

धुरळा खाली बसला. पोर दमलं, हुंदके देत माझ्या खांद्यावर पडून राहिलं. मग त्यानं मान वर केली, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं,

"बाई, आई कुठं गेली?"

मी त्याला जास्त घट्ट धरलं.

"पलूसला," मी म्हटलं.